काळ्या बॉक्सस्टरला मशीन लावण्याआधी

मे महिन्याच्या शेवटी एक काळी पोर्शे बॉक्सस्टर माझ्या शेडमध्ये आली. २००९चं मॉडेल, मॅडमनी सेकंडहँड घेतलेली. सावलीत गाडी झकास दिसत होती. मी टॉर्च लावला आणि बोनेटवर उजेडाभोवती कोळ्याचं जाळं उमटलं. हजारो बारीक ओरखडे, सगळे त्या उजेडाच्या ठिपक्याभोवती गोल फिरल्यासारखे.

"मिस्त्री, हे एका दिवसात घासून निघेल ना?" मॅडमनी विचारलं.

"तीन दिवस द्या मॅडम. आणि घासणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम आहे."

चौदा वर्षं मी बॉडीशॉपमध्ये पेंटर होतो. आता आठ वर्षं झाली, भोसरीला माझी स्वतःची शेड आहे आणि मी फक्त डिटेलिंग करतो, म्हणजे गाडीची बारीक साफसफाई आणि पॉलिश. त्या तीन दिवसांत काय केलं ते इथे सविस्तर लिहितोय. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि जे घरी स्वतः हात लावू पाहतात, त्यांच्यासाठी. गाडी साधी असली तरी पद्धत हीच. स्पोर्ट्स कारला वळणं जास्त, धारा जास्त आणि चुकीची किंमत जास्त, एवढाच फरक.

आधी रंगाचा हिशेब समजून घ्या. कारखान्यातून आलेला रंगाचा सगळा थर, म्हणजे प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअरकोट धरून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्याचा केस याहून जाड असतो. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारे घटक या क्लिअरमध्येच असतात. पॉलिश केलं की ओरखडा 'भरत' नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर झिजवून आपण त्याच्या तळाच्या पातळीला आणतो. गेलेला क्लिअर परत येत नाही. त्यामुळे माझं सगळं काम एका गोष्टीभोवती फिरतं: कमीत कमी क्लिअर काढायचा आणि परत काढायची वेळ येऊ द्यायची नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बॉडीशॉपमध्ये असताना एका लाल गाडीच्या दारावर, जिथे पत्रा मोडून धार आलेली असते तिथे, लोकरीच्या पॅडचं रोटरी मशीन, म्हणजे ज्याचं पॅड नुसतं गोल फिरतं, मी दोन सेकंद जास्त ठेवलं. पांढरा पॅड लाल झाला. मशीन उचललं तर धारेवर बोटभर लांबीचा फिकट पट्टा. क्लिअर संपून मी थेट रंगापर्यंत पोचलो होतो. अख्खं दार पुन्हा रंगवावं लागलं. त्या दिवसापासून धारेवर टेप लावल्याशिवाय मी मशीनला वायर जोडत नाही.

धुणं

मॅडमच्या गाडीवरचं जाळं कुठून आलं? रोजच्या पुसण्यातून. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा माणूस असतो: एक बादली, एक फडकं, पंचवीस गाड्या. पहिल्या गाडीची माती पंचविसाव्या गाडीवर घासली जाते. त्याला दोष देऊ नका. दुसरं काही त्याला कुणी शिकवलेलं नसतं, आणि आपण महिन्याला जे देतो त्यात दुसरं काही होण्यासारखंही नाही. फक्त सांगा की या गाडीला हात लावू नकोस, आणि त्याचे पैसे चालू ठेवा. कोरड्या गाडीवर पिवळं फडकं फिरवायची सवय घरातल्यांचीही मोडा. पुण्याची धूळ म्हणजे खडी, सिमेंट आणि मुरूम. कोरड्या फडक्याखाली ती वॉटर पेपरचंच, म्हणजे बारीक सँडपेपरचंच काम करते.

गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच धुवा. आधी चाकं, कारण ब्रेकची काळी भुकटी सगळ्यात घाण. त्यांची बादली आणि ब्रश वेगळे ठेवा, बॉडीला ते कधीच लावू नका. मग अख्ख्या गाडीवर फोम मारून पाच मिनिटं थांबा. फोम खाली ओघळताना माती घेऊन जातो. तो वाळायच्या आत पाण्याच्या झोताने उतरवा. बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या मागे, मधोमध असतं आणि दारामागे दोन्ही बाजूंना हवेच्या जाळ्या असतात. प्रेशर वॉशरचा झोत सरळ त्या जाळ्यांत मारू नका. कापडी छताच्या शिवणीवर आणि काचेच्या रबरावरही नको.

हात लावायचा तो यानंतर. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. दोन्हींच्या तळाला जाळी ठेवा, म्हणजे खाली बसलेली माती वर येत नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक पॅनेल पुसा, साध्या पाण्यात खंगाळा, मग परत शाम्पूत. वरून खाली या. दाराचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी. हातमोजा खाली पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, दुसरा घ्या. भांड्यांचा साबण नको. वरचं वॅक्स असेल तर तो ते उतरवतो.

आता आपल्याकडचा खरा शत्रू, बोअरचं पाणी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर माझ्या शेडमध्ये ७००च्या वर जातो. असलं पाणी काळ्या बोनेटवर वाळलं की पांढरी वर्तुळं उरतात, आणि उन्हात ती क्लिअरमध्ये खोल खात जातात. म्हणून शेवटचा हात मी आरओच्या पाण्याने देतो. दोन बादल्या पुरतात. एसीच्या नळीचं पाणी सुती कापडातून गाळून घेतलं तरी चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. मग मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पॅनेलवर पसरायचा आणि उचलायचा. घासायचा नाही. आरसे, दरवाज्याचे हँडल, नंबरप्लेटची मागची बाजू इथलं पाणी ब्लोअरने काढा, नाहीतर तासाभराने तिथून ओघळ येतात.

वर्तुळं आधीच पडली असतील तर पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं घ्या. फडक्यावर घेऊन डागावर मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. क्षाराचा थर असेल तर जातो. तरीही कडा दिसत राहिली तर क्लिअर खाल्ला गेलाय, ते पॉलिशचं काम.

हाताला काय लागतं

धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, पण असते असं नाही. प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घाला आणि बोटं बोनेटवरून अलगद फिरवा. पिशवीमुळे स्पर्श तीव्र होतो. मॅडमच्या गाडीवर बारीक रवा पसरल्यासारखं लागलं. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही बहुतेक लोखंडाची धूळ असते, कारखान्यांची आणि आपल्याच ब्रेकची. ती क्लिअरमध्ये रुतून गंजते.

त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ यायला लागतात. वास अंडी सडल्यासारखा येतो, म्हणून दार उघडं ठेवा आणि हातमोजे घाला. वाळू देऊ नका, धुऊन टाका. डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हर. रॉकेलने डांबर निघतं खरं, पण रबर आणि प्लास्टिक फुगतं, म्हणून मी वापरत नाही.

उरलेलं क्ले बारने, म्हणजे रुतलेली घाण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने काढा. क्लेची चपटी वडी करा, पॅनेलवर ल्युब्रिकंट भरपूर फवारा आणि क्ले स्वतःच्या वजनाने सरकेल एवढ्याच दाबाने सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. आधी खरखर ऐकू येते, मग आवाज बंद होतो. तो बंद झाला की पुढे सरका. वडी दुमडून स्वच्छ बाजू वर घेत राहा. जमिनीवर पडली की फेका. दोनशे-चारशे रुपयांच्या वडीपायी बोनेट खराब करू नका.

मोजणं आणि टेप

रंगाची जाडी मोजायचा गेज दोन-चार तासांसाठी भाड्यानेही मिळतो, ओळखीच्या बॉडीशॉपमधूनही मिळेल. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही वाचणारा घ्या, कारण स्पोर्ट्स कारमध्ये पत्रा सगळीकडे एकच असेल असं नाही. प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज चालत नाही. मॅडमच्या गाडीचं बोनेट ११८ ते १२६ मायक्रॉन, डावं दार ११२, आणि उजवा मागचा फेंडर थेट २८०. म्हणजे तिथे आधी काम झालंय. असा रंग कारखान्याच्या रंगासारखा वागेलच असं नाही. बऱ्याचदा नरम असतो आणि पटकन तापतो. तिथे मी सगळ्यात हलका हात ठेवला. ३००च्या बरेच पुढचे आकडे आले तर खाली पुट्टी, म्हणजे खड्डा बुजवायचा लेप, भरलेली असू शकते. एखादं पॅनेल ८०-९०च्या खाली असेल तर मशीन बाजूला ठेवा. वॅक्स लावून समाधान माना.

मग टेप. पत्र्याची प्रत्येक मोड, बोनेटची कड, दाराची कड, रबर, लोगो, दिव्यांच्या कडा. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच येतो. या गाडीला टेप लावायला मला दोन तास लागले. मॅडमना हे वेळ घालवणं वाटलं असेल. मला तसं वाटत नाही.

पॉलिश

घरी करणाऱ्याने रोटरी मशीन घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. डीए घ्या, म्हणजे ज्याचं पॅड फिरतं आणि हलतंही. रुपेसने मोठ्या हालचालीची १५ मिलिमीटरची डीए मशीनं लोकप्रिय केली. आता त्याच धर्तीची स्वस्त मशीनंही मिळतात. बॉक्सस्टरचे फेंडर फुगीर आणि बंपर अरुंद, म्हणून ५ इंची पॅडसोबत ३ इंची पॅडही लागतं.

आधी बोनेटच्या मधोमध दीड फुटाची चौकट टेपने आखा. ही चाचणीची जागा. सगळ्यात मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने सुरुवात करा. काम झालं तर तिथेच थांबा. नाही झालं तर एक पायरी वर, मधला पॅड. तरी नाही, तरच कंपाउंड, म्हणजे जास्त झिजवणारं पॉलिश. बहुतेक लोक उलटं करतात: बाजारातलं सगळ्यात कडक कंपाउंड आणतात आणि ओरखडे गेले म्हणून खूश होतात. या गाडीला मऊ पॅड पुरलं नाही, मधल्या पॅडने जाळं गेलं. कंपाउंडचा डबा उघडलाच नाही.

पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असताना पॅड पॅनेलला टेकवा, कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग वेग ४ किंवा ५. हात सावकाश, सेकंदाला दीड इंचापेक्षा जास्त नको. आधी आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली. असे चार-सहा हात. दाब मशीनच्या वजनाच्या जरा वर. पॅडमागच्या प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. चालताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली म्हणजे पॅड नुसतं थरथरतंय, एकतर दाब जास्त आहे नाहीतर पॅड तिरकं टेकलंय. फेंडरच्या फुगवट्यावर हे हमखास होतं.

मधून मधून हाताची पालथी बाजू पॅनेलला लावा. कोमट ठीक. हात काढून घ्यावासा वाटला तर थांबा. प्लास्टिकचा बंपर उष्णता धरून ठेवतो, तिथे निम्मेच हात मारा. प्रत्येक पॅनेलनंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ करा. झिजलेला क्लिअर आणि सुकलेलं पॉलिश पॅडमध्ये साठलं की तेच नवे ओरखडे काढतं.

पुसल्यावर लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांवर बसून ते लपवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास पाण्यात मिसळून फवारा, पुसा आणि मग टॉर्च लावा. एकाच कोनातून नाही. वाकून, बाजूने, लांबून. जमलं तर गाडी सकाळच्या उन्हात बाहेर काढून बघा.

काही ओरखडे उरतील, ते राहू द्या. नख फिरवून नखाला अडकतो तो ओरखडा पॉलिशने काढायच्या भानगडीत पडू नका. डाव्या दारावर किल्लीसारखी एक रेघ होती. तिच्या कडा गोलसर केल्या, त्यामुळे उजेडात ती चमकत नाही. मॅडमना टॉर्च लावून दाखवली आणि का सोडली तेही सांगितलं.

वर काय लावायचं? कार्नाउबा वॅक्स ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाच्या पानांतून मिळतं. काळ्या रंगावर त्याची खोली सुंदर दिसते, पण आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांवर टिकत नाही. सिलंट, म्हणजे कृत्रिम वॅक्स, त्याहून टिकतं. सिरॅमिक कोटिंग वर्षाच्या वर जाऊ शकतं. जाहिरातीतलं '९एच' म्हणजे पेन्सिलच्या शिसाच्या कडकपणाची चाचणी, त्याने गिट्टीचा दगड अडत नाही. एक्सप्रेसवेवर रोज जाणाऱ्याने पुढच्या बंपरला आणि बोनेटला रंग वाचवणारी पारदर्शक पीपीएफ फिल्म लावावी. मॅडम महिन्यातून दोनदा गाडी काढतात, म्हणून मी सिरॅमिक लावलं. एका वेळी दोन फुटांचा चौकोन. इंद्रधनुष्यासारखी छटा दिसली की पुसायचं, आणि कडेने टॉर्च धरून बघायचं की कुठे जाड ठिपका राहिला नाही ना. पावसाळी दमट हवेत ते लवकर ओढतं, म्हणून चौकोन लहान घ्या. नंतर निदान २४ तास पाणी लागू देऊ नका.

आतलं

आत शिरण्याआधी दोन्ही सीट पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे घेऊन रुळांतली वाळू व्हॅक्यूमने काढा. या गाडीच्या रुळांत मला चार नाणी, एक कानातलं आणि सुपारीचं खांड सापडलं. बॉक्सस्टरमध्ये सीटखाली इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असतं, म्हणून कार्पेटवर पाणी ओतून धुणाऱ्या माणसाला गाडीपासून लांब ठेवा. ओलसर ब्रश आणि कापड, बस.

चामडं स्वच्छ असेल तर ते मॅट दिसतं. चकाकणारं चामडं म्हणजे मळकं चामडं. हेडरेस्टकडे बघा, खोबरेल तेलाचा थर तिथे सगळ्यात जाड. आजच्या गाड्यांच्या चामड्यावर बहुधा रंगाचा संरक्षक थर असतो, म्हणून आपण चामडं नाही, तो थर साफ करतो. लेदर क्लीनर मऊ केसांच्या ब्रशवर घ्या, सीटवर ओतू नका. भोकं असलेल्या सीटवर तर मुळीच नाही. ब्रश छोट्या गोलांत फिरवा आणि फेस काळा होऊन वर आला की लगेच ओलसर कापडाने टिपा. चालकाच्या सीटचा दारालगतचा उंचवटा चढता-उतरताना झिजतो, तिथे जोर नको, नाहीतर रंगच येईल हातात.

पावसाळ्यात उभ्या गाडीच्या सीटवर पांढरट-हिरवी बुरशी येते. मोकळ्या हवेत, तोंडाला फडकं बांधून ती आधी ओलसर कापडाने उचला. कोरडी झटकली तर सगळ्या गाडीत पसरते. मग व्हिनेगर एक भाग, पाणी एक भाग, कापडावर घेऊन पुसा आणि पंखा लावून वाळवा. सीटखाली सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवा, आणि आठवड्यातून एकदा एसी लावून वीस मिनिटं गाडी फिरवा.

डॅशबोर्डला तेलकट चकाकणारं पॉलिश नको. दुपारी काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि समोरचं दिसत नाही. स्टीअरिंग आणि पेडलला ते लागलं तर जिवावर बेतेल. त्या काळातल्या बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये बटणांवर रबरी थर असतो, जो आपल्या उकाड्यात चिकट होतो. तिथे अल्कोहोल लावू नका, थर निघून येतो. ओलसर कापड आणि धीर, एवढंच.

छत, आणि पाण्याची वाट

कापडी छत आधी व्हॅक्यूम करा, मग छताचाच क्लीनर घेऊन मऊ ब्रशने कापडाच्या विणीच्या दिशेने हलकेच घासा आणि भरपूर धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय दुमडू नका. ओल्या घडीत बुरशी धरते आणि घडीची रेघ पडते. वाळल्यावर काच आणि रंग कागदाने झाकून जलरोधक फवारा मारा. पावसाच्या आधी एकदा, पावसानंतर एकदा.

हे सगळं झालं तेव्हा तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ होती आणि आभाळ भरून आलं होतं. मॅडम गाडी न्यायला आल्या होत्या, पण मी छत अर्धं उघडून ठेवलं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायची भोकं असतात. तिथे गुलमोहराची बारीक पानं चिखलासारखी बसली होती. चिमट्याने काढली. मग गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी आत घातली. हवेचा दाब मारायचा नाही, आतली नळी निसटते. मॅडमच्या हातात तांब्या दिला आणि मी कोपऱ्यात हळूहळू पाणी ओतायला सांगून गाडीखाली वाकलो. डाव्या बाजूला लगेच मागच्या चाकापुढे धार आली. उजवीकडे काहीच नाही. दोरी परत घातली, दोनदा फिरवली. आधी काळा चिखल टपकला, मग दोन पानं, आणि मग स्वच्छ पाण्याची धार लागली.